वरचा अर्धा ग्लास

"आज यापा नाही," मेलितोन म्हणाला.

कासिमिरोने रिकामा ग्लास पुढे केला होता, तो तसाच हवेत राहिला. त्याच्या मागे रांगेत सात-आठ जण होते. सकाळचे साडेसहा वाजले होते. ऑगस्ट महिना, लिमातली थंडी, हॉस्पिटलच्या फाटकावर धुकं उतरलेलं, आणि गाडीवरच्या पातेल्यातून एमोलिएन्तेची, सातू-जवसाच्या गरम काढ्याची, वाफ येत होती.

"काय म्हणालास?"

"यापा नाही म्हणालो."

ग्लास संपला की तो पुन्हा पुढे करायचा आणि एमोलिएन्तेवाल्याने न बोलता त्यात अर्ध्यापर्यंत आणखी ओतायचं. हा वरचा अर्धा ग्लास म्हणजे यापा. त्याचे पैसे नसतात आणि तो उपकारही नसतो, गिऱ्हाइकाचा हक्कच असतो. एमोलिएन्ते एखाद्या दिवशी पाणचट झालं तर लोक चालवून घेतात. यापा नाकारणारा माणूस मात्र त्या धंद्यात टिकत नाही.

"पातेलं फुटलं की काय रे?" कासिमिरोने रांगेकडे वळून विचारलं. "का बायको गेली तसा हातही आखडला?"

रांगेतले एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. मेलितोनने पळी पातेल्यावर आडवी ठेवली, हात फडक्याला पुसले आणि गाडीला वळसा घालून पुढे आला. कासिमिरोसमोर तो एक गुडघा टेकून बसला. कासिमिरोच्या बुटांच्या नाड्या मोकळ्या होत्या. चुकून सुटलेल्या नव्हत्या, सोडलेल्या होत्या. मेलितोनने त्याची विजार घोट्यावरून वर सरकवली, मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि अंगठा काढला.

खड्डा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"नाड्या सोडून."

"थंडीने पाणी धरलंय पायाला. दर वर्षी धरतं." कासिमिरोने पाय मागे घेतला. "घोडशेपूट जरा जास्त घाल माझ्या ग्लासात. दोन दिवसांत उतरेल. तुझी बासिलिया असती तर तिने न सांगता घातली असती."

"हो, तिने घातली असती," मेलितोन उठत म्हणाला. "म्हणूनच सांगतोय, आत जा. चार नंबरची खिडकी."

"चार नंबरची खिडकी तू मला शिकवतोस?"

यावर रांग मोकळेपणी हसली. फाटकाला लागून कासिमिरोची फोटोकॉपीची टपरी होती. ओळखपत्राची प्रत काढायला येणाऱ्या प्रत्येकाला कोणती खिडकी, कोणता कागद, कोणत्या बाईशी गोड बोलायचं आणि कोणत्या बाईशी बोलायचंच नाही, हे तो तीस वर्षं फुकट सांगत आला होता.

"तीस वर्षांत तुझ्या बायकोने मला एकदाही नाही म्हटलं नाही, मेलितोन."

"तिने स्वतःलाही कधी नाही म्हटलं नाही."

कासिमिरोचा चेहरा लाल झाला. त्याने ग्लास फळीवर आपटून ठेवला. तो मेलितोनच्या मुलीचा धर्मपिता होता, त्यामुळे दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणत. जाता जाता तो म्हणाला, "चारचौघांत माझा पाय उघडा पाडलास. यापुढे मला कंपाद्रे म्हणू नकोस." आणि मोकळ्या नाड्या फरफटवत रस्ता ओलांडून तो समोरच्या गाडीवर गेला.

मेलितोन परत पातेल्यामागे उभा राहिला.

"दाट की पातळ?" त्याने पुढच्या माणसाला विचारलं.

गाडी मुळात बासिलियाची होती. आयाकुचोच्या डोंगरातून ती लिमाला आली ती एक पातेलं आणि आईकडून शिकलेलं एक काम घेऊन. मेलितोन तेव्हा इमारतींवर गवंडीकाम करायचा. पुढे पाठ दुखावली, परांचीवर चढणं बंद झालं आणि तो बायकोची गाडी ढकलायला लागला. ढकलायचं त्याने, बाकी सगळं तिने.

ती सातू लोखंडी तव्यावर भाजायची आणि बेकरीच्या दारावरून जाताना येतो तसा वास आला की उतरवायची. जवस आदल्या संध्याकाळी भिजत पडायचं. पहाटे सातू उकळला की त्यात ते जवस जायचं, आणि घोड्याच्या शेपटीसारखं दिसणारं ते बारीक गवत, ज्याला सगळे घोडशेपूट म्हणत, ते सर्वांत शेवटी, थोडा वेळच. पातेल्याशेजारी बाटल्यांची रांग असे. लसूणघासाचा हिरवा अर्क, बोल्दोच्या पानांचा तपकिरी, कोरफडीचा गर, मध, पिळलेलं लिंबू. ग्लास भरताना ती एक मग डोक्याच्या वर धरायची आणि दुसरा कमरेजवळ. वरच्यातून खालच्यात ओतताना जवसाची अशी लांब तार यायची की पोरं बघत उभी राहायची.

पण खरी तिची कला वेगळीच होती. बाटलीला हात लावण्याआधी ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "रात्री झोप कशी लागली?"

लोक सांगायचे. पोट जड होतं, म्हणून लागली नाही. पोराचा ताप उतरला नाही, म्हणून लागली नाही. नवरा घरी आला नाही, म्हणून लागली नाही. उत्तर ऐकून ती बाटली निवडायची. नवरा न आल्यावरही एक बाटली होती. ती मधाची.

याचा गुण यायचा. मेलितोनला त्याबद्दल तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. रात्रपाळी करून उपाशीपोटी घरी निघालेल्या माणसाला रंगीत साखरपाण्याऐवजी गरम सातू मिळाला तर त्याचं पोट ताळ्यावर राहतं. जवसाने कोठा साफ होतो. हे कळायला शाळा लागत नाही, रोज तीच माणसं वीस वर्षं डोळ्यांसमोरून जावी लागतात. बासिलियाने कधी कुणाला बरं करते म्हणून सांगितलं नाही. ती म्हणायची, "मी माणसाला उभं ठेवते. पडलेल्याला उचलणारे आत आहेत."

हे ती म्हणायची आणि तरीही ती आत गेली नाही. फाटकावरच्या माणसांची ही एक खोड असते. हॉस्पिटल त्यांना पाठीमागची भिंत वाटतं. डॉक्टर त्यांची गिऱ्हाइकं असतात, नर्सेस ओळखीच्या असतात, शवागाराचा पहारेकरी उधारीवर पाव-अंडं खातो. आजारी ते, जे गावाहून चादरी बांधून येतात आणि रांगेत उभे राहतात. आपण तर इथलेच.

तिच्या बुटांच्या नाड्या आधी सुटल्या. मग एका सकाळी तिने मेलितोनचे काळे बूट घातले. "जमीन गार लागते रे, तुझ्या बुटांचे तळवे जाड आहेत," म्हणाली. त्याला ते खरं वाटलं. तो जुन्या रबरी बुटांत गाडी ढकलत आला.

कासिमिरोच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "बाई, गाडी तुझी, जागा तुझी, आता नवऱ्याचे बूटही तुझे? मग त्याला काय ठेवलंस?"

"यापा," बासिलिया म्हणाली. सगळे पोट धरून हसले होते. मेलितोनही हसला होता.

सात महिने ती त्या बुटांत उभी राहिली. सकाळी डोळ्यांवर सूज असायची. आपल्या ग्लासात ती घोडशेपूट आधी एक पळी घालायची, मग दोन, मग तीन. शेवटी एकदा तिला पातेलं उचलवेना, तेव्हा तो तिला दंडाला धरून फाटकातून आत घेऊन गेला. गाडीपासून फाटक एकतीस पावलं होतं. त्या दिवशी त्याने ती मोजली, कारण दर पाचव्या पावलाला ती थांबत होती.

आतला डॉक्टर तरुण होता. कागद बघून तो चिडला. "रक्तदाब कित्येक वर्षांचा आहे. मूत्रपिंडं संपलीत. इतके दिवस होता कुठे तुम्ही?"

मेलितोनने खिडकीतून बोट दाखवलं. "फाटकावर."

डॉक्टरने मान वर करून बासिलियाकडे नीट पाहिलं. गाडीशिवाय, पातेल्याशिवाय त्याने तिला ओळखलं नव्हतं. त्याच सकाळी तो तिच्या हातचा एक ग्लास पिऊन आला होता, आणि यापा. त्याने पेन खाली ठेवलं.

त्यानंतर ती चार महिने आतच होती; बाहेर गाडी तिची एक भाची चालवत होती. पाणी, सूप, काय ते मिळून दिवसाला दोन कप, असं तिला ठरवून दिलं होतं. जिने आयुष्यभर जगाला ओतून दिलं ती अर्धा अर्धा कप करून दिवस काढायची. घोट घेतला की कप खाली ठेवायची आणि त्याच्यावर बशी झाकायची, म्हणजे सारखं दिसायला नको.

ती गेल्यावर मुलगी नेलिदा आरेकिपाहून आली आणि म्हणाली, "बाबा, गाडी विका. माझ्याकडे चला." मेलितोनने दोन दिवस गाडी बंद ठेवली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः लावली. पहिल्या आठवड्यात जवस फार उकळलं. पातेल्यात कच्च्या अंड्यासारखा गोळा झाला. लोकांनी तो चमच्याने खाल्ला, पैसे दिले, यापाही घेतला, आणि कुणी अक्षर बोललं नाही. फक्त कासिमिरो म्हणाला, "उद्या सुरी पण ठेव, कापून देता येईल." तेवढ्या एका टोमण्यावर मेलितोनला वाटलं, जमेल.

आणि जमलंही. महिन्याभरात सातू बरोबर भाजला जाऊ लागला, वर्षभरात तार बासिलियासारखी येऊ लागली. एकच गोष्ट त्याला जमली नाही. तो प्रश्न तोंडातून येईना. रात्री झोप कशी लागली हे तो स्वतःलाही विचारत नव्हता. तो फक्त "दाट की पातळ?" विचारायचा, आणि मान खाली घालून ग्लास भरायचा. लोकांना वाटे, बिचारा दुःखात आहे.

तो बूट बघत असायचा.

समोरच्या गाडीवाल्याने भोंगा लावला होता. उंच, ट्रुहियोकडचा, बोलायला पक्का माणूस. "मूत्रपिंड साफ! यकृत साफ! घरची बाई खूश!" असं भोंगा दिवसभर ओरडायचा. कासिमिरो दुसऱ्या दिवशीही तिकडेच गेला. तिसऱ्या दिवशीही. तो मुद्दाम मेलितोनकडे तोंड करून उभा राहायचा. एक यापा घ्यायचा, ग्लास वर करून दाखवायचा, आणि मग दुसरा यापा घ्यायचा. त्याची सरबराई बघून आणखी काही गिऱ्हाइकं तिकडे सरकली. यापा नाकारणाऱ्याची बातमी रस्ताभर झाली होती.

त्याचं मेलितोनला फारसं वाटलं नाही. त्याला दिसत होतं ते वेगळंच. टपरीतून त्या गाडीपर्यंत साठ-सत्तर पावलं, आणि कासिमिरो मध्ये दुभाजकावर थांबत होता. पहिल्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी दोनदा.

"काका, चूक तुमचीच आहे," रोसाउरा म्हणाली. ती आत पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती, ड्यूटीवर जाण्याआधी रोज इथे थांबायची. "लोकांसमोर त्याची विजार वर केलीत. असं कुणी करतं का?"

"पाय सुजलेला होता."

"मग? आम्ही आतसुद्धा पडदा ओढतो."

मेलितोनने पळी ढवळली. त्याला हे सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, "खरंय. पडदा नव्हता."

"आता तो हट्टाने यायचा नाही. पुरुष असेच. दुखणं बरं पण शब्द मागे घेणं नको."

"त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी नंबर घेतला तर चालतो?"

"ओळखपत्राची प्रत असली की चालतं. पण पाचला रांगेत उभं राहावं लागतं आणि खिडकी उघडते सातला." ती हसली. "पाच ते सात, काका. तुमची गाडी पेटायची वेळ."

"मला माहितेय वेळ," मेलितोन म्हणाला. मग त्याने तिला यापा दिला, जरा भरूनच.

शुक्रवारी पहाटे त्याने गाडी नेहमीच्या जागी आणून लावली, पण शेगडी पेटवली नाही. पातेलं पालथं होतं. वरून ताडपत्री टाकून त्याने ती बांधली आणि कासिमिरोच्या बंद टपरीपाशी गेला. टपरीच्या पत्र्यावर बाहेरून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर प्लास्टिक. कासिमिरोच्या स्वतःच्याच ओळखपत्राची प्रत. वर त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: प्रत अशी स्वच्छ हवी. बारा वर्षं तो नमुना तिथे होता. मेलितोनने नखाने चिकटपट्टी सोडवली, कागद घडी न घालता कोटाच्या आत ठेवला आणि फाटकातून आत गेला.

बासिलिया गेल्यापासून तो आत गेला नव्हता. फरशीवरून तोच फिनाइलचा वास आला. तो रांगेत उभा राहिला. पुढे चादर गुंडाळलेली एक म्हातारी होती, मागे पोराला खांद्यावर घेतलेला एक बाप. पोटात गरम काही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळलं की या रांगेतल्या माणसाला सहा वाजता एक ग्लास किती हवासा वाटत असेल.

सात वाजता खिडकी उघडली. आतल्या बाईने कागद बघितला, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितला.

"हा तर फोटोकॉपीवाला! हा आजारी पडतो?"

"पडलाय."

"इथे चेहरा किती तरणा आहे. केस बघा." तिने नंबर तपासला. "नंबर बरोबर आहे. नऊ वाजता, खोली अकरा. आणि काका, आज तुम्ही गाडी लावली नाहीत? मी वाट बघत होते."

चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला तेव्हा धुकं अजून तसंच होतं. गाडीपाशी कासिमिरो उभा होता. एका हाताने त्याने गाडीची मूठ धरली होती, दुसरा छातीवर. तो धापा टाकत होता. समोरच्या गाडीवर अर्धा प्यालेला ग्लास सोडून तो रस्ता ओलांडून धावत आला होता. या कोपऱ्यावर वाफ दिसली नाही असे दिवस तीस वर्षांत दोनच झाले होते, आणि ते दोन्ही त्याला पाठ होते.

"कोण गेलं?" त्याने विचारलं. "नेलिदा? पोरीला काही झालं का? बोल ना!"

"कोणी नाही," मेलितोन म्हणाला. "अजून कोणी नाही."

कासिमिरोला श्वास पुरा यायला वेळ लागला. मग त्याला मेलितोनच्या हातातला कागद दिसला.

"माझा नमुना!"

"उसना घेतलाय."

"बारा वर्षांचा आहे तो! आता स्वच्छ प्रत म्हणजे काय ते लोकांना कसं कळणार?"

"नवा लाव. त्यात म्हातारा दिसशील, तर लोकांचा जास्त विश्वास बसेल." मेलितोनने चिठ्ठी पुढे केली. "नऊ वाजता. खोली अकरा."

कासिमिरोने चिठ्ठी घेतली. अशा हजारो चिठ्ठ्या त्याच्या हातातून गेल्या होत्या. त्याने सवयीने शिक्का बघितला, तारीख बघितली, आणि मग नाव. नावावर तो थांबला.

"रांगेत उभा राहिलास?"

"हं."

"गाडी बंद ठेवून."

"दिसतंय ना तुला."

कासिमिरो गाडीच्या लाकडी फळीवर टेकला. रस्त्यापलीकडून भोंगा मूत्रपिंड साफ, यकृत साफ म्हणत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बासिलिया आत गेली आणि बाहेर आली नाही रे."

मेलितोन त्याच्याशेजारी टेकला. काय बोलावं याचा त्याला विचार करावा लागला नाही. दीड वर्ष तो हेच स्वतःशी बोलत होता.

"ती उशिरा गेली. सात महिने माझ्या डोळ्यांसमोर माझे बूट घालून उभी होती, आणि मी गाडी ढकलत होतो. तुझं उशिरा झालंय की वेळेत, ते आत कळेल. इथे नाही कळणार. माझ्याकडे नऊ बाटल्या आहेत, कंपाद्रे. पोटाची आहे, झोपेची आहे, नवरा पळून गेला तरी आहे. ते कळायची बाटली नाही."

"आणि त्यांनी तिथेच ठेवून घेतलं तर?"

"टपरी मी बघतो."

"तू? तुला यंत्रात कागद कुठून घालतात ते तरी माहितेय?"

"तू मला तार काढताना बघितलं होतंस ना, पहिल्या आठवड्यात?"

कासिमिरो हसला. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर तो उठला आणि चालायला लागला, तेव्हा मेलितोनने त्याला थांबवलं. तो पुन्हा गुडघा टेकून बसला. या वेळी त्याने आधी रस्त्याकडे पाठ केली, म्हणजे त्याच्या आडोशाने पाय कुणाला दिसू नयेत. मोकळ्या नाड्या त्याने बुटांच्या कडेने आत खोचल्या, अडखळायला नको म्हणून.

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "काय कासिमिरो, आत कुठे? कागद?"

कासिमिरोने त्याला चिठ्ठी दाखवली. पहारेकऱ्याने ती वाचली, एकदा दोघांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

त्याला त्यांनी ठेवून घेतलं. एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत मेलितोनने सकाळी गाडी आणि दुपारी टपरी सांभाळली. पहिल्या दिवशी त्याने एका बाईच्या ओळखपत्राच्या चाळीस प्रती काढल्या, कारण यंत्र थांबवायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. बाई म्हणाली, "असू दे काका, या हॉस्पिटलात लागतील." गाडीवरची गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. समोरचं एमोलिएन्ते पातळ होतं, भोंग्याने ते दाट होत नव्हतं.

विसाव्या दिवशी, सकाळी साडेसहाला, कासिमिरो रांगेत उभा होता. पुढे घुसला नाही. त्याचा नंबर आला तेव्हा त्याच्या मनगटावर हॉस्पिटलची कागदी पट्टी अजून होती. तो वाळला होता. चेहऱ्याची हाडं दिसत होती, पण डोळे उघडे होते, सूज नव्हती.

"मूत्रपिंडं अर्धी चालू आहेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, हिवाळा संपेपर्यंत थांबला असतात तर तेवढीही राहिली नसती. गोळ्या दिल्यात. आणि हे बघ." त्याने दोन कागद काढले. एकावर काय खायचं, काय नाही, याची यादी होती. दुसरी त्या यादीची प्रत होती, अगदी स्वच्छ. "ही तुला. गाडीवर लाव. घोडशेपूट बंद म्हणून लिहिलंय बघ, ठळक. माझ्यासारखा कुणी अक्कल शिकवायला लागला तर याच्याकडे बोट दाखव, तुझा शब्द खर्च करू नकोस."

मेलितोनने यादी वाचली. सावकाश, शेवटपर्यंत. मग ती लिंबांच्या टोपलीवर टेकवून ठेवली.

"सातू चालतो?"

"सातू-जवस चालतं. बाटलीतलं काही नाही. पण पाणी मोजून आहे. सकाळचा वाटा अर्धा ग्लास." कासिमिरोने घसा साफ केला. "म्हणून म्हटलं, ग्लास राहू दे. फक्त यापा दे."

मागे रांग होती. मेलितोनने एक मग डोक्याच्या वर धरला आणि दुसरा कमरेजवळ, आणि त्या अर्ध्या ग्लाससाठी त्याने पूर्ण ग्लासाइतकी लांब तार काढली. दोनदा. कासिमिरोने ग्लास दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला आणि ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवला.

मेलितोनने दुसरीकडे पाहिलं.

"कशी लागते झोप?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. प्रश्न नीट आला.

"लागते. आडवं होऊन लागते आता. त्रास एकच आहे." कासिमिरोने पाय पुढे केला. नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या, तरी टाचेमागे दोन बोटं जातील एवढी फट होती. "सूज उतरली आणि बूट मोठे झाले. त्या दिवसांत ताणले गेले ना. चालताना निघतात."

"दोन मोजे घाल," मेलितोन म्हणाला. "एकावर एक. मी तेच करतो."

कासिमिरोची नजर खाली गेली. गाडीखालून मेलितोनचे पाय दिसत होते. काळे बूट, जाड तळव्यांचे. कडेला फुगलेले, नाड्या शेवटच्या भोकापर्यंत ओढून बांधलेल्या. घोट्यापाशी करड्या मोज्याच्या आतून दुसरा तपकिरी मोजा बाहेर आला होता.

त्याने ग्लासवरचा हात काढला आणि दुसरा घोट घेतला. लहानच.

"पुढे या," मेलितोनने रांगेला हाक दिली. "रात्री झोप कशी लागली?"